बारा चॅनेल, सहा माईक

छोट्या चर्चच्या कमिटीत मिक्सरचा विषय निघतो तो बहुतेक वेळा नाताळच्या तोंडावर. जुन्या मशीनचा नॉब हलवला की खरखर होते, पाळकांच्या संदेशातले वाक्यांचे शेवट मागच्या बाकांपर्यंत पोचत नाहीत, आणि तरुण संघाने आणलेल्या कीबोर्डची पिन लावायला जागा उरलेली नसते. एकजण म्हणतो, मोठा घेऊ. दुसरा म्हणतो, आता घ्यायचाच तर डिजिटल घेऊ. खजिनदार फक्त केवढ्याला ते विचारतात. दर रविवारी त्या मशीनमागे बसणार कोण, आणि तो गावाला गेला तर कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. परवडणारा मिक्सर कोणता याचं उत्तर माझ्या मते किमतीइतकंच या दोन नावांवर ठरतं. पुढे जे लिहिलं आहे ते साधारण साठ ते दीडशे माणसं बसतील अशा उपासनालयापुरतं आहे. त्याहून मोठ्या वास्तूंचं गणित वेगळं असतं, आणि त्यांना सल्ला द्यायला व्यावसायिक माणसं असतात.

या विषयावर मिळणारा सल्ला बहुधा अमेरिकेतल्या चर्चसाठी लिहिलेला असतो. त्यात ड्रमसेटला पाच-सहा माईक, दोन इलेक्ट्रिक गिटार, बास आणि पुढे चार गायक धरलेले असतात, आणि म्हणून सोळा-चोवीस चॅनेलला पर्याय नाही असं ठरवून टाकलेलं असतं. मराठी मंडळीच्या रविवारी तसं काही नसतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, १८३१ साली सुरू झालं, तेव्हा पाश्चात्त्य चालींवरची भाषांतरित गीतं आली. पुढे त्याच शतकात नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि पदं उपासनेत आणली. कॅथलिक बाजूला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिल्यावर वसईच्या गावांतून मिस्सा मराठीत होऊ लागली. परिणाम असा, की आज एकाच तासात कीबोर्डवरचं चारस्वरी गीतही होतं आणि पेटी-तबल्यावरचं भजनही. खंजिरी आणि झांजा यांना माईक लागत नाही. त्यांना आवरावंच लागतं. आणि दीड तासाच्या उपासनेतला मोठा भाग हा बोलण्याचा असतो: प्रार्थना, शास्त्रवाचन, सूचना, साक्षी, संदेश. तेव्हा आपल्याला लागणारा मिक्सर हा आधी बोललेला शब्द स्वच्छ पोचवणारा, मग पेटीला तबल्याखाली दबू न देणारा असायला हवा. ड्रमचे आठ चॅनेल कोणाला हवेत?

मोजणी कागदावर करावी, दुकानात नव्हे. पुलपिटवर एक माईक. पाळकांचा कॉलरचा किंवा हातातला बिनतारी एक. शास्त्रवाचनाला वेगळं स्टँड असेल तर तिसरा. गायनमंडळाला दोन, फार तर तीन. पेटीला एक. तबल्याला एक, दोन्ही अंगांना वेगळे दिले तर दोन. इथवर सात-आठ माईक झाले. शिवाय कीबोर्ड, आणि मुलांच्या कार्यक्रमात गाणं वाजवायला लागणारा फोन किंवा लॅपटॉप. यांना माईकची जागा लागत नाही, लाइनची पुरते. या यादीत दोन माईक मोकळे ठेवावेत, कारण लग्नात, अंत्यविधीत, नाताळच्या नाटिकेत ते हमखास लागतात. दोनपेक्षा जास्त मोकळे ठेवू नयेत. रिकामे चॅनेल पाहिले की कोणीतरी ते भरतंच, आणि उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्याआधी मिळणारा आवाज सुमारे तीन डेसिबलने कमी होतो.

ही यादी खिशात घालून दुकानात गेलात की पहिली फसगत मशीनच्या नावातच भेटते. यामाहाचा एमजी१०एक्सयू हा दहाचा म्हणून विकला जातो. त्यात माईक लागतात चार. एमजी१२एक्सयू मध्ये सहा, एमजी१६एक्सयू मध्ये दहा. मॅकीच्या १२०२ मध्ये चार. यात लबाडी नाही, मोजण्याची रीतच तशी आहे. माईकमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. तो कामाचा करायचा तर कधी कधी हजारपट वाढवावा लागतो, आणि ती वाढ करणारा प्रीॲम्प स्वच्छ हवा असेल तर त्याला पैसे पडतात. कीबोर्डचा सिग्नल मुळातच तगडा असतो, त्याला नुसतं भोक दिलं तरी चालतं. म्हणून उत्पादक थोडे माईक-प्रवेश देतात, मग स्टीरिओ लाइनच्या जोड्या देतात, आणि प्रत्येक जोडी दोन म्हणून मोजून बेरीज नावात घालतात. तेव्हा चॅनेलचा आकडा सोडून मशीनवरची तीन भोकांची गोल एक्सएलआर सॉकेट मोजावीत. आठ माईकची यादी असेल आणि तुम्ही बारा चॅनेलचा आणला असेल, तर पहिल्याच रविवारी तबला आणि पेटी एका माईकवर येतात.

कीबोर्डबद्दल एक जोड द्यायलाच हवी. कीबोर्डपासून मिक्सरपर्यंत साधी जॅकपिनची वायर पाच-सहा मीटरच्या पलीकडे गेली की ती गुणगुणायला लागते. लॅपटॉप चार्जरवर असेल तर घरघर येते, आणि आपल्याकडच्या अर्थिंगचा भरवसा न दिलेलाच बरा. यावर इलाज म्हणजे डीआय बॉक्स नावाची छोटी डबी, शक्यतो आत ट्रान्सफॉर्मर असलेली. ती जॅकचा सिग्नल माईकच्या तारेवर घालते आणि दोन यंत्रांतला विजेचा थेट संबंध तोडते. ती लावली की कीबोर्ड माईकचा एक प्रवेश खातो, म्हणजे यादी पुन्हा एकाने वाढते. मिक्सरवर पाच हजार जास्त घालणारी कमिटी या डबीवर का अडते, हे मला कधी कळलेलं नाही.

आता ऑक्स. हा शब्द विक्रेत्याच्या तोंडी कमी येतो, आणि अनुभवी माणूस मात्र चॅनेलनंतर लगेच तोच विचारतो. ऑक्स म्हणजे मिक्सरमधून बाहेर पडणारी वेगळी वाट. मुख्य स्पीकरला एक मिश्रण जातं, आणि ऑक्सवरून त्याच आवाजांचं दुसरं मिश्रण दुसरीकडे पाठवता येतं. पेटीवाल्याला गायकाचा आवाज ऐकू यायला समोर छोटा स्पीकर हवा, ती एक वाट. सभागृहाबाहेर, मांडवात किंवा बाळांना घेऊन बसणाऱ्या आयांच्या खोलीत आवाज हवा, ती दुसरी. फोनवरून उपासना प्रसारित करायची, ती तिसरी. प्रतिध्वनीचा इफेक्ट मिक्सरमध्येच असेल तर तोही यातली एक वाट अडवून बसतो. दहा चॅनेलच्या स्वस्त मशीनवर पुष्कळदा एकच ऑक्स असतो आणि तोच इफेक्टच्या वाट्याला गेलेला असतो. म्हणजे गायकांना स्वतःचा आवाज ऐकवायची सोय संपली. शिवाय ऑक्स फेडरच्या (चॅनेलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या) आधीचा की नंतरचा, हे पाहायला हवं. गायकांच्या स्पीकरसाठी तो आधीचा हवा, म्हणजे सभागृहातला आवाज कमी-जास्त केला तरी त्यांचा तसाच राहतो. इफेक्टसाठी नंतरचा. चांगल्या मशीनवर प्रत्येक ऑक्सला यासाठी छोटं बटण असतं. दोन ऑक्स हे माझ्या मते किमान, आणि प्रसारण करायचं असेल तर तीन.

प्रसारणाचा मुद्दा २०२० च्या मार्चमधल्या टाळेबंदीपर्यंत छोट्या मंडळ्यांच्या डोक्यातही नव्हता. चर्च बंद झाली तेव्हा पाळक फोनसमोर उभे राहिले. दारं पुन्हा उघडल्यावरही कॅमेरा राहिला, कारण आजारी माणसं, पुण्या-मुंबईला आणि आखातात कामाला गेलेली मुलं ते बघत होती. अडचण ही, की बहुतेक ठिकाणी प्रसारणाला मुख्य स्पीकरचंच मिश्रण दिलं जातं. छोट्या सभागृहात तबला माईकशिवायही ऐकू येतो, म्हणून मुख्य मिश्रणात तो जवळपास नसतोच. मंडळी गाते तिला तर माईकच नसतो. परिणामी दूर बसलेल्या माणसाला पाळकांचा आवाज आणि कोरडी पेटी ऐकू येते, आणि शंभर माणसं गात असताना एकटा गायकच गातोय असं वाटतं. उपाय म्हणजे प्रसारणाला एक वेगळा ऑक्स द्यायचा, त्यात तबला वर घ्यायचा, आणि मंडळीकडे तोंड केलेला एक माईक फक्त त्याच ऑक्सवर उघडायचा. हा माईक सभागृहाच्या स्पीकरला चुकूनही जाऊ देऊ नये, नाहीतर शिट्टी ठरलेलीच. यासाठी मिक्सरला यूएसबी असली तर बरं. पण तिथेही बारकाई आहे. साध्या ॲनालॉग मशीनची यूएसबी सहसा दोनच चॅनेल देते, म्हणजे मुख्य मिश्रणाची नक्कल. आपल्याला हवं ते ऑक्सचं मिश्रण त्या वाटेने जातं का, हे विकत घेण्याआधी विचारावं.

नॉबच्या जंगलात शब्द स्वच्छ करणाऱ्या दोनच गोष्टी असतात. पहिलं, खालचे सूर कापणारं बटण. यामाहाच्या या मशीनवर ते ८० हर्ट्झला कापतं. बोलणाऱ्याच्या श्वासाचा धप्प आवाज, पुलपिटवर आपटलेला हात, पंख्याची घुंगुं, सगळं त्याखाली राहतं. बोलण्याच्या प्रत्येक माईकवर ते दाबून ठेवावं. डग्ग्याच्या माईकवर मात्र दाबू नये, त्याचा जीव तिथेच आहे. दुसरा, मधल्या सुरांचा सरकता नॉब, ज्याने कोणत्या सुराला हात लावायचा तेही निवडता येतं. सभागृह ज्या सुरावर घुमतं तो शोधून तेवढाच थोडा उतरवता आला की शब्द सुटे होतात. स्वस्तातल्या स्वस्त मशीनवर तीन ठरलेल्या सुरांचे नॉब असतात. त्यांनी काम भागतं, पण गोंगाट उतरवताना आवाजातली अक्षरंही उतरतात.

इफेक्टवर फार लिहिण्यासारखं नाही. विक्रेता चोवीस प्रकारचे प्रतिध्वनी वाजवून दाखवेल. दगडी भिंती आणि टाइल्सची फरशी असलेल्या चर्चला स्वतःचाच प्रतिध्वनी नको इतका असतो. संदेशावर इको चालू राहिलेला मी पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे. पाळक कितीही साधं बोलत असले तरी त्याने ते आकाशवाणीसारखे ऐकू येतात.

खेड्यातल्या बहुसंख्य चर्चमध्ये मिक्सर म्हणून जे असतं तो खरं तर मिक्सर-ॲम्प्लिफायर असतो, आणि पुष्कळदा अहुजाचा. १९४० साली सुरू झालेल्या या कंपनीची मशीनं मंदिर, मशीद, शाळा, ग्रामपंचायत, सगळीकडे सारख्याच निष्ठेने काम करतात. शिकलेल्या लोकांना त्यांना हसायची सवय आहे, ती मला मान्य नाही. एका डब्यात माईकचे काही प्रवेश, समोर प्रत्येकाचा आवाजाचा नॉब, सगळ्यांना मिळून बास-ट्रेबल, आतच ॲम्प्लिफायर. भोंगे किंवा भिंतीवरचे कॉलम स्पीकर १०० व्होल्ट लाइनवर लांबच लांब वायरीने जोडता येतात. लाइट गेली तर पुष्कळशा मॉडेलना बॅटरीवर चालवायची सोय असते. आणि तालुक्याच्या ठिकाणी ते उघडून दुरुस्त करणारा माणूस सापडतो. चाळीस माणसांची मंडळी, दोन-तीन माईक, पेटी-तबला माईकविना, एवढंच असेल तर नवा मिक्सर घेण्याचं कारणच नाही. त्या पैशात एक चांगला माईक घ्या. हे मशीन अपुरं पडतं ते गाणं वाढल्यावर: प्रत्येक माईकला वेगळा गेन नाही, वेगळा सूर लावता येत नाही, गायकांना वेगळी वाट नाही. पाळकांचा आवाज मोकळा करायला बास कमी केला की पेटीही पातळ होते.

त्याच्या पुढची पायरी साध्या ॲनालॉग मिक्सरची. सहा ते दहा माईक-प्रवेश, दोन-तीन ऑक्स, सरकता मधला सूर, ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर. ही वीज कंडेन्सर माईकला लागते, आणि नीट वायरीवरच्या साध्या डायनॅमिक माईकला तिने काही होत नाही. यामाहाची एमजी मालिका, साउंडक्राफ्टची सिग्नेचर, ॲलन अँड हीथची झेड, मॅकीची प्रोएफएक्स, बेहरिंगरची झेनिक्स, ही या वर्गातली नेहमीची नावं. यांच्यातला आवाजाचा फरक असतो, पण पत्र्याच्या छपराखाली, पंखे चालू असताना, तो ओळखणारा मला अजून भेटायचा आहे. त्यामुळे मी इथे आवाजावरून निवडत नाही. नॉब हाताला घट्ट लागतो का, फेडर लांब आहेत का, सॉकेट पेटीला पक्की बसवली आहेत का की नुसती सर्किटवर डाग देऊन उभी केली आहेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व्हिस आहे का, यावरून निवडतो. ॲनालॉगचा मोठा गुण म्हणजे सगळं एका नजरेत दिसतं. प्रत्येक नॉबखाली पांढरी पट्टी चिकटवून मराठीत लिहिलं, की सहावीतली मुलगीसुद्धा शास्त्रवाचनाचा माईक बरोबर उघडते. त्याचा दोषही तोच: जो दिसतो तो नॉब कोणीही फिरवतो. शनिवारी लग्न होऊन गेलं, की रविवारी सकाळी सगळं विस्कटलेलं असतं.

मग डिजिटल का नको, हा प्रश्न आता टाळता येत नाही. २०१२ साली बेहरिंगरने एक्स३२ बाजारात आणला आणि जे पूर्वी मोठ्या नाट्यगृहांना परवडत होतं ते छोट्यांच्या हिशेबात आलं. त्याच घराण्यातला एक्सआर१८ हा पडदा आणि फेडर नसलेला डबा आहे. सोळा माईक-प्रवेश, सहा ऑक्स, प्रत्येक चॅनेलला कॉम्प्रेसर आणि सरकते सूर, आणि यूएसबीवर अठरा वेगळे ट्रॅक. चालवायचा टॅबलेटवरून. साउंडक्राफ्टच्या यूआय१६ मध्ये बारा माईक लागतात, आणि त्याला वेगळं ॲपही लागत नाही, कोणत्याही फोनच्या ब्राउझरमधून तो चालतो. शिवाय शिट्टी पकडून तो सूर आपोआप कापायची सोय त्यात आहे. नावातल्या आकड्याची सावधगिरी इथेही ठेवावी: एक्सआर१२ मध्ये माईकचे प्रवेश चारच आहेत. २०२३ साली ॲलन अँड हीथने आणलेली सीक्यू मालिकाही याच वर्गातली, जरा महाग.

किमतीचा मोघम अंदाज असा: नावाजलेल्या कंपनीचा बारा चॅनेलचा ॲनालॉग पंचवीस ते चाळीस हजारांच्या घरात, सोळा प्रवेशांचा डिजिटल डबा साधारण त्याच्या दीडपट-दुप्पट. हा बहुतेक माल आयात होतो, त्यामुळे डॉलर हलला की भावही हलतो. पण नुसत्या या दोन किमती समोरासमोर ठेवणं म्हणजे अर्धाच हिशेब. ॲनालॉग मिक्सर मागच्या बाकांजवळ ठेवायचा, तर वेदीपासून तिथवर सगळ्या माईकच्या वायरी नेणारा जाडजूड मल्टिकोर केबल लागतो. शिट्टी आवरायला ग्राफिक इक्वलायझर, हळू बोलणाऱ्या आजींचा आणि ओरडणाऱ्या साक्षीदाराचा आवाज एका पट्टीत आणायला कॉम्प्रेसर. ही तिन्ही जोडली की दोन्ही किमती जवळ येतात. डिजिटल डबा मात्र वेदीच्या कडेलाच ठेवता येतो. मागे केबल नाही. माणूस टॅबलेट घेऊन मंडळीत बसतो, म्हणजे मंडळीला जे ऐकू येतं तेच त्याला ऐकू येतं. ॲनालॉगमागे बसणाऱ्याला पुष्कळदा खांबाआडची जागा मिळते आणि तो खांबाला बरं वाटेल असा आवाज लावतो.

सगळ्यात मोठा लाभ साठवणीचा. ‘रविवारची उपासना’, ‘लग्न’, ‘अंत्यविधी’, ‘नाताळ’ अशा मांडण्या एकदा नीट लावून ठेवल्या की एका बोटाने परत येतात. शनिवारच्या लग्नाने काही बिघडत नाही. एक्सआर मालिकेत बोलणाऱ्यांच्या माईकसाठी आपोआप मिश्रण करायची सोयही आहे. जो बोलतो त्याचा माईक वर येतो, बाकीचे उतरतात, आणि एकूण आवाज जणू एकच माईक उघडा असल्यासारखा राहतो. ही कल्पना डॅन ड्यूगन या अमेरिकन ध्वनितज्ज्ञाची, १९७० च्या दशकातली. पुलपिट, स्टँड आणि पाळकांचा कॉलर माईक हे तिन्ही तिच्या हवाली केले, की मशीनमागे कोणी नसतानाही साधी उपासना पार पडते. सुरुवातीला विचारलेल्या दुसऱ्या नावाचा प्रश्न इथे बराचसा सुटतो.

बराचसाच, कारण डिजिटलचे घोळ वेगळे आहेत. त्या डब्याचं अंगभूत वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झचं असतं, आणि शंभर माणसांच्या खिशातले शंभर फोन त्याच पट्ट्यात असतात. दोन-अडीच हजारांचा वेगळा राउटर लावला की ही कटकट मिटते. तो खर्च पहिल्याच दिवशी धरावा. टॅबलेटचा संपर्क तुटला तरी आवाज चालू राहतो, हे मात्र कमिटीला सांगून ठेवावं, नाहीतर घाबरून कोणी मेन स्विच बंद करतं. लाइट गेली की ॲनालॉग मशीन लाइट येताच बोलू लागतं, डिजिटलला उठायला वेळ लागतो. म्हणून त्याला आणि राउटरला एक छोटा यूपीएस हवाच. आणि टॅबलेट मंडळीचाच असावा. पाळकांच्या मुलाचा असेल तर परीक्षेच्या दिवसांत तो मिळत नाही. वारंवार लाइट जाणाऱ्या, राउटर म्हणजे काय हे कोणालाच माहीत नसलेल्या गावात मी डिजिटल सुचवणार नाही. जिथे दोन तरुण टिकून आहेत, प्रसारण चालू आहे आणि आठाहून जास्त माईक लागतात, तिथे ॲनालॉग घेणं मला आता पैसे वाया घालवणं वाटतं.

कोणताही मिक्सर घेतला तरी काही गोष्टी त्याच्या हातात नसतात. माईक तोंडापासून तीस सेंटिमीटरवरून पंधरावर आणला की सहा डेसिबल फुकट मिळतात, आणि ते कोणत्याही नॉबने मिळणाऱ्या सहांपेक्षा स्वच्छ असतात. स्पीकर माईकच्या पुढे, मंडळीच्या डोक्यावरून मागच्या बाकांकडे तोंड करून असायला हवेत. वेदीच्या भिंतीवर, पाळकांच्या पाठीमागे लावलेले स्पीकर जोवर तिथे आहेत तोवर लाखाचा मिक्सरही शिट्टी मारणार. पत्रा, टाइल्स आणि रंगवलेल्या भिंती यांतून घुमणारा आवाज आवाज वाढवून कमी होत नाही, उलट वाढतो. मागच्या भिंतीला जाड पडदे लावले तर फरक पडतो. भरलेलं आणि रिकामं चर्च यांतला फरकही तोच, कपडे घातलेली माणसं आवाज पितात. म्हणून शनिवारी रिकाम्या सभागृहात लावलेलं सगळं रविवारी थोडं हलवावं लागतं. माईकबद्दल एवढंच, की शुअरचा एसएम५८ १९६६ पासून बाजारात आहे आणि त्याच्या नकलाही तितक्याच उदंड आहेत. फार स्वस्तात मिळाला तर खरा नसतो. एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त मिक्सरवर जाऊ नये. उरलेला माईक, स्पीकर, स्टँड, वायरी आणि डीआय यांच्यासाठी ठेवावा.

आणि भेट म्हणून आलेला मिक्सर? त्याचा विषय नाजूक. मुंबईला किंवा परदेशी गेलेलं कुटुंब आईवडिलांच्या स्मरणार्थ काहीतरी देऊ इच्छितं, दुकानात जाऊन दिसेल तो मोठा मिक्सर आणतं, त्यावर नावाची पितळी पाटी लागते. मग तो बदलायचा विषय काढणं म्हणजे कोणाच्या तरी वडिलांबद्दल बोलणं. अशा देणगीदाराला कमिटीने आधीच मोजणीची यादी द्यावी, किंवा पाटी स्पीकरवर लावायची विनंती करावी. चांगला स्पीकर पंधरा वर्षं टिकतो, मिक्सरचं तसं नाही.

जुना माल घ्यायला हरकत नाही, पण ॲनालॉग असेल तर प्रत्येक फेडर वर-खाली सरकवून खरखर ऐकावी. कोकण आणि वसईच्या दमट हवेत ती लवकर धरते, आणि नवं मशीनही कापडाने झाकून ठेवलं नाही तर नगरच्या धुळीत दोन वर्षांत तिथेच येतं. घेण्याआधी गावातल्या साउंडवाल्याकडून तेच मॉडेल एका रविवारी भाड्याने आणून लावावं. पाचशे-हजार जातील. विकणाऱ्या दुकानात वाजवून दाखवलेलं गाणं आपल्या सभागृहाबद्दल काहीही सांगत नाही.

नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेचा एक तांत्रिक भाग राहिला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो उघड्यावर वाजवता येत नाही. बंद सभागृहात आतल्याआत चालतो. सणाच्या दिवसांत राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तीही वर्षाकाठी एकूण पंधरा दिवसांपुरती. म्हणून अंगणातल्या मांडवातले स्पीकर मुख्य वाटेवर कधीच जोडू नयेत. त्यांना स्वतःचा ऑक्स द्यावा आणि त्या नॉबवर लाल पट्टी लावावी. दहाच्या ठोक्याला बाहेरचे स्पीकर बंद होतात, आत गीत चालू राहतं, आणि प्रसारण तिसऱ्या वाटेने जात असल्याने तिथेही काही तुटत नाही. मिक्सर निवडताना ऑक्स मोजायला सांगितलं त्याच्यामागे हेही एक कारण होतं. परवानगीचा अर्ज मात्र नोव्हेंबरातच द्यावा.